नळ आला गं!

मी टीव्ही बोलतोय. दचकू नका, बातम्या सांगायला आलेलो नाही. बातम्या सांगून सांगूनच माझा घसा बसला. सध्या मुकुंदवाडीतल्या एका घराच्या ओट्यावर भंगारवाल्याची वाट बघत पडलोय. डोक्यावर कुणीतरी कांद्याची जाळी ठेवून दिली आहे. चालायचंच. याच डोक्यावर एके काळी विणलेला रुमाल असायचा, आणि त्यावर प्लॅस्टिकच्या फुलांची फुलदाणी.

मी जुन्या घडणीचा, पाठीला भलंमोठं पोक असलेला रंगीत टीव्ही. जन्माचं फारसं आठवत नाही. खोक्यातला अंधार आणि थर्मोकोलची किरकिर, एवढंच. डोळे उघडले ते गुलमंडीवरच्या दुकानात. तेव्हा शहराच्या पाट्यांवर औरंगाबाद लिहिलेलं असायचं. कारभारी नावाच्या माणसानं मला घेतलं. तो मूळचा सोयगावकडचा, चिकलठाण्याच्या एका कंपनीत कामाला. त्याची बायको द्वारकाबाई रिक्षात मला दोन्ही हातांनी कवटाळून बसली होती. प्रत्येक खड्ड्याला 'हळू रे भाऊ, हळू' म्हणत होती. घरी आल्यावर तिनं माझ्या काचेला हळदीकुंकू लावलं. ते पुसायला कुणी धजेना. त्यामुळं पहिल्या दिवशी माझ्यातून दिसलेली प्रत्येक बाई, आणि काही बाप्येसुद्धा, कपाळभर कुंकू लावून दिसले.

माझ्यासमोरच्या खिडकीतून तेव्हा विमानतळापर्यंत ज्वारीच दिसायची. पुढं ज्वारी गेली, चुन्याच्या फक्क्या पडल्या, प्लॉट झाले, प्लॉटवर घरं झाली, घरांवर मजले चढले. माणसं वाढत गेली. नळाचं पाणी मात्र होतं तेवढंच राहिलं, उलट आटत गेलं.

माणसांना वाटतं, ती मला बघतात. खरं म्हणजे मीच त्यांना बघत असतो. दुपारी माझ्यासमोर तिघी जमायच्या. एक द्वारकाबाई. दुसरी शेजारची भागूबाई, विधवा, एका खानावळीत पोळ्या लाटून थेट इकडंच यायची, हाताला पीठ तसंच. तिसरी समोरच्या घरातली प्रमोदिनीताई. तिचा नवरा कचेरीत कारकून, आणि ताईंचं बोलणं पुस्तकातलं. मेथी निवडत, तांदूळ पाखडत तिघी मला बघायच्या.

त्यात द्वारकाबाईचं हसू उतावीळ. डोक्याआधी तिच्या तोंडाला कळायचं. पडद्यावर कुणी घसरलं, कुणाचा टोप उडाला, की ती फस्सकन हसायची आणि मग जीभ चावायची. मनानं लोण्यासारखी, पण हसण्यापुढं तिचं काही चालायचं नाही.

एका रविवारी तिचे सासरे आप्पासाहेब गावाहून आले होते. खुर्चीवर ते, खाली सगळं घर, दाराशी शेजारी. सिनेमा रंगात आला. नायक-नायिका बागेत पळता पळता एकाएकी थांबले आणि जवळ यायला लागले. झालं! कारभारीला खोकला आला. द्वारकाबाई फरशी न्याहाळू लागली. आप्पासाहेब रिकाम्या खिशात काहीतरी शोधू लागले. मला बंद करायचं तर उठून, सासऱ्यांपुढून चालत येऊन बटण दाबावं लागणार. उठणार कोण? पडद्यावरची दोघं तर थांबायचं नाव घेईनात.

तेवढ्यात दारातून भागूबाई ओरडली, "नळ आला गं!"

सगळं घर उठलं. हंडे निघाले, बादल्या निघाल्या. आप्पासाहेबांनीही कळशी उचलली. नळाला नुसती हवा फुसफुसत होती. मंडळी परत येईपर्यंत नायिकेचं लग्न लागून गेलं होतं.

"गेला जणू नळ," आप्पासाहेब खुर्चीत बसत म्हणाले.

"व्हय आप्पा. आला तसाच गेला," भागूबाई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

तेव्हापासून ती या घराची रीतच झाली. पडद्यावर अवघड काही आलं की तिघींपैकी कुणीतरी हाक मारायची, 'नळ आला गं', आणि सगळ्या उठून स्वयंपाकघरात जायच्या. पण भागूबाई ही हाक नुसती तसल्या प्रसंगालाच मारायची नाही. गाण्याच्या स्पर्धेत एखादी पोर शब्द विसरली आणि परीक्षकांपुढं ओठ थरथरायला लागले की भागूबाई उठलीच. कुण्या बाईला सगळ्यांदेखत नवरा टाकून बोलला, भागूबाई उठली.

"अहो, हे सगळं ठरवून करतात," प्रमोदिनीताई समजवायच्या.

"रडू ठरवून येतं का ताई? माणसाची फजिती बघत बसू नाय. आपण उठावं. तेवढंच त्याचं झाकतं."

"तो तिकडं मुंबईत. तू इथं उठलेली त्याला काय कळतंय?" द्वारकाबाई हसायची.

"त्याला नाय कळत. मला तर कळतं."

मग तो दुष्काळी उन्हाळा आला. जायकवाडीत पाणी उरलं नाही, असं मीच रोज सांगत होतो. दारोदार निळे ड्रम उभे राहिले. नळाची वाट बघून बघून गल्ली थकली, आणि टँकर सुरू झाले. एक दिवस शहरातल्या केबलवरच्या बातम्यांची माणसं कॅमेरा घेऊन टँकरवर आली. बायांमधून बोलायला पुढं झाली ती भागूबाई.

"लई चांगलं सांगितलं मी त्यांना," ती संध्याकाळी येऊन म्हणाली. "म्हटलं, कंपन्यांना पाणी हाय, बंगल्यांना हाय, आमच्याच नळाला काहून नाय? लेकरं शाळेत बिनआंघोळीची जातात म्हटलं."

सगळी गल्ली माझ्यापुढं गोळा झाली. बायांनी पावडर लावली होती, ठेवणीतली पातळं काढली होती. जसं काही टीव्हीतले लोकच त्यांना बघणार होते. द्वारकाबाईनं भागूबाईला हाताला धरून पुढं बसवलं. "तू अगदी म्होरं बस. आज तुझा मान."

बातमी लागली. भागूबाईचं बोलणं त्यात नव्हतंच. त्यात होता टँकरचा पाइप, झुंबड, आणि चिखलात पाय घसरून दणकन पडलेली भागूबाई. पदर एकीकडं, हंडा एकीकडं. त्यांनी ते पडणं मागं नेलं, पुढं आणलं, पुन्हा मागं नेलं. वर कसला तरी गमतीचा आवाज टाकला.

खोली खदखदून हसली. आणि सगळ्यांत आधी, सगळ्यांत मोठ्यानं हसली ती द्वारकाबाई.

मग पुढचं दिसलं. पडलेली भागूबाई पदराकडं बघतसुद्धा नव्हती. चिखलात बसून, सांडलेलं पाणी ओंजळीनं हंड्यात भरत होती. गढूळ, मातीसकट.

द्वारकाबाईनं तोंडावर हात दाबला. आता कुणीतरी हाक मारायला हवी होती. पण ही हाक मनापासून मारणारी एकच बाई, आणि आज पडद्यावर तीच होती. मी तरी काय करणार? मला आवाज आहे, पण माझा नाही. ज्याचा येईल त्याचा मी लावतो.

शेवटी भागूबाईच उठली. पातळ झटकलं. "नळ आला वाटतं," अगदी हळू म्हणाली आणि निघून गेली. तिच्यामागं कुणी उठलं नाही.

ती पुन्हा आली नाही.

द्वारकाबाईनं काय काय केलं! धपाटे करून डबा पाठवला. डबा घासून, लखलखीत होऊन परत आला. रिकामा परत करू नये म्हणून त्यात मूठभर साखरही होती. घेऊन मात्र दुसरंच कुणीतरी आलं होतं. एकदा भागूबाई खिडकीखालून चालली होती, तर द्वारकाबाई पळत बाहेर गेली. मला दोघींचं बोलणं ऐकू आलं.

"मी मुद्दाम नाय हसले गं, भागे."

"ठाव हाय मला. मुद्दाम हसली असतीस तर भांडले असते. भांडून मिटलं असतं."

हे ऐकून मला फार वाईट वाटलं. द्वारकाबाई आत आली, माझ्यासमोर बसली. माझं बटण तिनं दाबलं नाही. भागूबाईची बसायची जागा सोडून, थोडी बाजूला सरकून बसली होती. त्यानंतर कितीतरी दुपारी तशाच गेल्या. प्रमोदिनीताई यायच्या, पण दोघींत रंगत येईना.

पुढं भागूबाई राहायची ती खोली पाडून तिथं फ्लॅट उठले. ती चिकलठाण्याला भावाकडं राहायला गेली. कारभारी निवृत्त झाला आणि मग गेला. मुलगा सत्यम कमावता झाला, सोनिया सून आली, आणि भिंतीवर कागदासारखा चपटा नवा टीव्ही आला. मला काढायची गोष्ट निघाली तेव्हा द्वारकाबाई एवढंच म्हणाली, "ऱ्हाऊ दे त्याला कोपऱ्यात. माझ्या मैत्रिणी त्याच्यापुढं बसलेल्या हायेत." मी कोपऱ्यात राहिलो. बंद असलो तरी माझ्या काळ्या काचेत सगळी खोली दिसायची.

याच खोलीत एक दिवस द्वारकाबाईची खाट आली. तिला लकवा मारला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली, तोंड एका अंगाला ओढलं गेलं. दवाखान्यातून घरी आणल्याचं कळलं तशा गल्लीतल्या बाया भेटायला आल्या. आपल्याकडं आजाऱ्याला बघायला जायचं म्हणजे खोली भरेपर्यंत जायचं. दाटीवाटीनं बाया बसल्या. नवा टीव्ही चालूच होता. सोनियानं चहा दिला, आणि सासूलाही बशीतून थोडा पाजायला गेली. चहा ओघळून गळ्यावर आला. सोनिया तो पुसतच होती, तोवर खाटेखाली थेंब टपकायला लागले. चहाचे नव्हते. फरशीवर ओल पसरत पसरत पुढं, बायांच्या पावलांकडं निघाली.

सगळ्यांनी पाहिलं. कुणी टीव्हीकडं बघायला लागलं, कुणी छताकडं. एकीनं पाय आखडून घेतले. सोनिया कपबशी हातात धरून गोठल्यासारखी उभी. आणि द्वारकाबाईला सगळं कळत होतं. हात उचलून तोंड झाकावं, तर उजवा उचलत नव्हता आणि डावा पांघरुणात अडकलेला. ती नुसती माझ्याकडं, माझ्या काळ्या काचेकडं बघत होती. मी पेटून, खरखर करून सगळ्यांचं लक्ष वेधून घेतलं असतं हो, पण माझी वायर केव्हाच काढलेली.

"नळ आला गं!"

दारात भागूबाई उभी होती. केस पांढरे झालेले, चप्पल अजून पायातच. "उठा बायांनो, उठा! चांगली धार हाय. हंडे भरून घ्या, पुन्हा कवा येईल नेम नाय!"

या शहरात ती हाक ऐकून बसून राहणारी बाई अजून जन्मायची आहे. सगळ्या धडपडत उठल्या. प्रमोदिनीताई एका कोपऱ्यात होत्या. त्यांचा चेहरा क्षणभर हलला. त्यांना सगळं कळलं होतं. "चला चला, लवकर," म्हणत त्यांनी उरल्यासुरल्यांनाही बाहेर काढलं.

भागूबाईनं दाराला आतून कडी घातली. भिंतीवरचा टीव्ही बंद केला. "सोनिया, कोरडं पातळ दे आणि गरम पाणी आण पोरी," म्हणाली. मग पदर खोचला, द्वारकाबाईचं सगळं पुसलं, बदललं, केस विंचरले. जणू काल दुपारीच उठून गेली होती आणि आज परत आली होती.

द्वारकाबाईच्या घशातून काहीतरी यायला बघत होतं. "ह... ह..." पुढं सरकेना.

"नको बोलू. कळलं मला."

"ह..."

"हसलीस तर हसलीस. तुला मेलीला हसण्याशिवाय आलं काय जन्मभर?"

द्वारकाबाईचं अर्धं तोंड हललं. ती हसत होती की रडत होती, हे माझ्या काचेतून नीट कळलं नाही. भागूबाई मात्र रडत होती, ते चांगलं दिसलं.

बाहेरून कडी वाजली. "अगं भागूबाई, नळ तर कोरडाच की!"

"आला तसाच गेला!" प्रमोदिनीताईंचा आवाज आला.

त्यानंतर भागूबाई रोज चिकलठाण्याहून यायची. खानावळीचं काम आटोपून, हाताला पीठ तसंच. दोघी दुपारभर बसायच्या. एक बोलायची, एक ऐकायची. पण ते सुख फार टिकलं नाही. पाऊस लागायच्या आत द्वारकाबाई गेली. जाताना भागूबाईचा हात तिच्या डाव्या मुठीत होता.

मग मला घरात ठेवायचं कारणच उरलं नाही. सोनियाचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. घर लहान, माझं पोक मोठं. मी ओट्यावर आलो. परवा भागूबाई काही कामानं इकडं आली होती. मला बघून थबकली. कांद्याची जाळी बाजूला केली, पदरानं काचेवरची धूळ पुसली, थोडा वेळ स्वतःलाच त्यात बघत राहिली. "याला असं उघड्यावर नगा ठेवू," एवढंच सोनियाला म्हणाली आणि गेली. जाळी संध्याकाळी पुन्हा डोक्यावर आली, ते सोडा.

उद्या भंगारवाला येणार आहे. माझ्यासारख्याचं काय करतात ते मला ठाऊक आहे. आतली तांब्याची तार काढायची म्हणून रस्त्यातच पाठ फोडतात, आणि काच फुटताना मोठा आवाज होतो. तो ऐकायला चार माणसं उभी राहतातच. कुणी मोबाइल काढेल, कुणी हसेलही. त्यांना दोष नाही. मीच जन्मभर माणसांना दुसऱ्याचं पडणं दाखवत आलो.

तरी एक मागणं आहे. तेव्हा तुमच्यापैकी कुणी तिथं असलंच, तर उभं राहून बघू नका. जोरात एक हाक मारा, 'नळ आला गं', आणि सगळ्यांना घेऊन घरी जा.