दहावी चिठ्ठी

चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी गाड्यांच्या नंबर प्लेट रंगवतो आणि आमच्या नालवाडीच्या प्रार्थनामंडळात माझंच अक्षर धड वाचता येतं. माझ्यासकट दहा माणसं, दहा चिठ्ठ्या. मी नऊच लिहिल्या. माझं नाव गाळलं.

भित्रा म्हणा, खुशाल म्हणा. गल्लीच्या टोकाला एकटा राहणारा चंद्रभान क्षयाने खोकत होता. गोळ्या अर्ध्यात सोडलेल्या, त्यामुळे आजार आता जुन्या औषधाला दाद देत नव्हता. नव्या गोळ्या समोर बसून गिळवायला आणि जेवण द्यायला रोज कुणीतरी हवं होतं, आणि ते कोण, हे चिठ्ठी काढून ठरणार होतं. याच रोगाने माझा भाऊ माझ्या मांडीवर रक्त ओकून गेला. तसला खोकला ऐकला की आजही मी रस्ता बदलतो.

आमचे पाळक नत्थूजी म्हणाले, "पह्यल्या काळातले ख्रिस्ती लोकं साथ आली म्हणून पळत नव्हते. सारं शहर खाली होये, हे आजाऱ्यापाशी बसून राहत. माणूस कायच्यासाठी जन्मला, हे त्याईले तिथं समजे. आता आपल्यातून कोणाले बोलावणं येते, ते देव ठरवीन." आणि त्यांनी चिठ्ठ्यांच्या पेटीत हात घातला.

मी निवांत होतो. चिठ्ठीच नाही, तर नाव निघेल कुठून?

"पौर्णिमा," नत्थूजींनी वाचलं.

माझी बायको. दोन महिन्यांची गरोदर, आणि हे आम्हा दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. ती पदर सावरत उठली.

"मी जातो!" मी ओरडलोच. "तिच्या जागी मी जातो."

नत्थूजींचे डोळे भरले. "याले म्हणते बोलावणं!" कुणी माझी पाठ थोपटली, कुणी हात धरला. खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पौर्णिमा चंद्रभानच्या दारापर्यंत सोबत आली. माझ्या तोंडावरचा मास्क तिनेच नीट केला, जेवणाचा डबा हातात दिला.

"चिठ्ठ्या नऊच होत्या," ती म्हणाली. "पेटीत टाकताना म्या मोजल्या."

"मंग उठली काऊन?"

"तुमी उठता का, ते पाहून राह्यली होती."

"अन् नसतो उठलो तं?"

"तं मी गेली असती."

आतून खोकल्याची उबळ ऐकू आली. मी एक पाऊल मागे सरलो. ती तिथेच उभी राहिली, म्हणून मी दार लोटलं.