आठ पोती

रंगराव कमरेएवढ्या पाण्यात शिरले आणि पायाने तळ चाचपू लागले. दोन पावलं डावीकडे गेले, एक मागे आले, आणि थांबून म्हणाले,

“इथं हाये.”

काठावर उभ्या असलेल्या गणेशने आधी वडिलांकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

“काय हाये?”

“डोंगा. तोच पाहाले आले न तुमी?”

“बुडाला का मंग?”

“बुडवला.” रंगरावांनी वाकून पाण्यातून एक दगड उचलला आणि बाजूला टाकला. “लाकूड हाये, बापू. वर ठेवलं तं उनानं तडकते. पान्यात ठेवलं की फुगून सांधा बसून राह्यते. वापर नसला की आमचे लोक असाच दगडं टाकून ठेवतात.”

होडी विकत घ्यायला आलेल्या गणेशला हसू आवरेना. जुना ट्रॅक्टर घ्यायला जावं आणि मालकाने तो विहिरीत दाखवावा, असा हा प्रकार होता. त्याचे वडील शालिग्राम मात्र हसले नाहीत. त्यांनी पायजमा गुडघ्यांवर गुंडाळला, चपला काठावर नीट जोडून ठेवल्या आणि पाण्यात उतरले. दोघा म्हाताऱ्यांनी एकेक दगड काढला, डोंगा ओढत उथळ पाण्यात आणला आणि घमेल्यांनी आतलं पाणी उपसायला लागले.

गणेशची बहीण योगिनी बाभळीखाली डब्याची पिशवी धरून उभी होती. सकाळी बाबा तिला एवढंच म्हणाले होते, “तू बी चाल.” आईचे गुडघे धरलेले, वहिनीला आठवा महिना, तेव्हा डबा धरायला कोणीतरी हवं म्हणून आपल्याला आणलं असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. मंगरूळपीरहून एसटी, मध्ये कारंज्याला गाडी बदलायची, धनजपासून पुढे पायी. एवढ्या वाटेत बाबा तुरीबद्दल बोलले आणि एसटीच्या न लागणाऱ्या खिडकीबद्दल बोलले. बाकी काही नाही.

शालिग्रामांचं घर मळ्यात होतं. धरण झालं तेव्हा पाणी मळ्याला तीन बाजूंनी येऊन टेकलं आणि गाव पलीकडे राहिलं. वांगी, मेथी, कोथिंबीर तोडायचं इकडे आणि न्यायचं तिकडे. शाळा तिकडे, दवाखाना तिकडे, बाजाराची एसटी तिकडे. रस्त्याने जायचं तर चौदा किलोमीटरचा वळसा. म्हणून दुसऱ्यांच्या दाराशी सायकल असते तसा यांच्या दाराशी डोंगा असायचा, चार माणसांचा. घरात चौघं होती तोवर तो पुरला. मग गणेशची बायको वैजयंती आली, शिवम झाला, तरी दाटीवाटीने भागत होतं. आता दुसरं लेकरू येणार, घर वाढून राह्यलं, डोंगा मोठा पाहिजे, असं शालिग्राम महिनाभर भेटेल त्याला सांगत होते.

घर वाढत होतं हे खरंच. पण डोंग्याच्या दोन खेपा दसऱ्यापासून सुरू झाल्या होत्या, आणि दसऱ्याला घरात योगिनी आली होती. रिठदहून, एक पिशवी आणि पाचवं लागलेली रुचिका घेऊन. नवऱ्याने हात उचलायला लागून तीन वर्षं झाली होती. त्या दिवशी त्याने लेकीच्या देखत उचलला आणि ती निघाली. तेव्हापासून रोज सकाळी पहिल्या खेपेत शिवम, वैजयंती आणि भाजीची ओझी जायची, आणि मग बाबा रिकामा डोंगा घेऊन परत यायचे, फक्त या दोघींसाठी. साठीच्या पुढचा माणूस, वल्हं मारताना खांद्याचं हाड वर यायचं. त्या दुसऱ्या खेपेत योगिनी मान वर करून बसत नसे.

माहेरी आलेल्या लेकीला आमच्याकडे कोणी तोंडावर ‘किती दिवस?’ म्हणून विचारत नाही. तेवढी रीत लोक पाळतात. आईला विचारतात, भावाला बाजारात गाठून विचारतात, वहिनीला दवाखान्याच्या रांगेत विचारतात. गणेश आधी ‘दिवाळीपर्यंत’ म्हणायचा. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, पौष लागत आला, आणि आता तो नुसती मान हलवून पुढे जायचा. सासरची माणसं दोनदा येऊन बसली. पोरीले पाठवा, झालं गेलं इसरा. दोन्ही वेळा शालिग्रामांनी त्यांना चहा पाजला आणि ‘बघू’ म्हणून वाटेला लावलं. काय बघू, कधी बघू, ते माणूस सांगेल तर शपथ. बोलण्याच्या बाबतीत एवढा चिक्कू माणूस पंचक्रोशीत नसेल. माणूस चांगला होता, पण अशा वेळी चांगल्या माणसाचा राग जास्त येतो. योगिनीला तो येत होता, आणि रोज त्यांच्याच डोंग्यात बसायचं म्हणून ती तो गिळत होती.

काठावर दुसरा एक डोंगा उलटा घातलेला होता. पत्र्याचा, निळ्या रंगाचा, आणि रंग मारून फार दिवस झाले नसावेत. गणेशचा जीव आल्यापासून त्याच्यावरच बसला होता. त्याने तो एकट्याने सरळ केला, एकट्याने ओढत पाण्यात नेला आणि परत काठाशी आणून लावला.

“हा कसा हाये, मावशी?”

रंगरावांची बायको सीताबाई घरातून रिकाम्या पोत्यांचा गठ्ठा आणि फावडं घेऊन आल्या होत्या. त्यांचे दोन्ही मुलगे पुण्याला कंपनीत लागले. मासळीचा धंदा आता दोघा म्हाताऱ्यांपुरता उरला होता, आणि तेवढ्याला लहान डोंगा पुरत होता. म्हणून हे दोन मोठे विकायला काढले होते.

“बरा हाये. पन आदी पोतं लावून पाहा,” त्या म्हणाल्या. “माणसं बसवून डोंगा नाई पाहाचा. माणूस भेते, हालते, एकाकडं झुकते. पोतं गप बसते. घरात जितके माणसं तितके पोते. चिखलानं भराचे, अन् जो जिथं बसते तिथं त्याचं ठेवाचं. नाव घेऊन.” मग काही आठवल्यासारखं करून त्या म्हणाल्या, “अन् नाव घेतलेलं पोतं मंग पान्यात ओतू नोका. काठावरच रिकामं कराचं. किती माणसं तुमी?”

“सहा,” गणेश म्हणाला.

योगिनीने पिशवीचं तोंड उघडून डबा आहे ना ते पाहिलं. डबा होता. सहा बरोबरच होते, तिला विचारलं असतं तर तिनेही सहाच सांगितले असते. तरी ते तिला लागलं. पाण्यात बाबांची पाठ तिच्याकडे होती. त्यांचं घमेलं आधीच्याच गतीने खालीवर होत होतं.

गणेश चिखल भरायला लागला. कामाला तो वाघ होता. बाबांचं पोतं झालं, आईचं झालं, स्वतःचं, वैजयंतीचं. शिवमचं पोतं घेतलं तेव्हा सीताबाई म्हणाल्या,

“लेकराचं अर्धंच भर न.”

“नाई मावशी. डोंगा काय दरसाल घेवाचा हाये? आज बारकं दिसते, उद्या माह्याएवढं होईन.” त्याने शिवमचं पोतं गळ्यापर्यंत भरलं, आणि मग अजून न जन्मलेल्या लेकराचंही तसंच भरलं.

“हे बरोबर बोलला,” सीताबाई म्हणाल्या.

सहा पोती निळ्या डोंग्यात मांडली गेली. वल्ह्याजवळ बाबा, मागच्या टोकाला गणेश, मधल्या फळीवर बायका, लेकरं त्यांच्या पुढ्यात. डोंगा हळूहळू खाली गेला आणि थांबला. गणेशने डोंग्याच्या काठापासून पाण्यापर्यंत हात लावून पाहिला. एक वीत भरली.

“बाबा, पाहा. वीतभर काठ वर हाये. अन् हा एकट्यानं ओढता येते. तुमचा तो लाकडाचा याच्याहून मोठा, ओढाले दोघं लागतीन. तुमचे हात किती दिवस पुरतीन?”

बोलणं चुकीचं नव्हतं. पुढे कधीतरी डोंगा रोज त्यालाच ओढावा लागणार होता.

शालिग्राम पाण्यातून बाहेर आले. निथळत्या पायांनी निळ्या डोंग्याजवळ उभे राहिले आणि बोट दाखवत पोती मोजली. मोजायला एवढं काही नव्हतं, पण त्यांनी वेळ घेतला.

“अजून दोन भर.”

“कोनाचे?”

“योगिनीचं अन् रुचिकाचं.”

बाभळीखाली योगिनीने ते ऐकलं. तिला आनंद झाला नाही, आधी भीतीच वाटली. दोन खेपांचा त्रास वाचावा म्हणून बाबा म्हणत असतील. उद्या ती गेली तर दोन माणसांची जागा रिकामी घेऊन हा एवढा डोंगा रोज पाणी कापत राहील, आणि घरचे सगळे त्या जागेकडे बघत बसतील.

“बाबा, आमचं कायले धरता?” ती पुढे आली. “आमी काई...”

पुढचा शब्द तिला काढता आला नाही. तो एकदा तोंडातून गेला की खरा होईल असं तिला वाटलं.

“तू थांब,” शालिग्राम म्हणाले. आवाज चढला नव्हता.

गणेशने बहिणीकडे पाहिलं आणि लगेच नजर फावड्याकडे वळवली. दसऱ्याला फोन आल्यावर हातातलं सोडून रिठदला मोटारसायकल नेणारा हाच होता. वाटेत त्याने एक प्रश्न विचारला नाही, आणि रुचिका रडायची थांबेना तेव्हा गाडी उभी करून तिला जिलेबी घेऊन दिली. ताईबद्दल त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. फक्त बाजारात रोज रोज मान हलवून तो कंटाळला होता.

त्याने योगिनीचं पोतं भरलं आणि बाजूला ठेवलं. रुचिकाचं अर्धं भरलं, वरचा रिकामा भाग पिळला आणि सुतळी बांधली. एवढीशी पोरगी, त्यात विचार करण्यासारखं त्याला काही दिसलं नाही.

शालिग्राम त्या पोत्याकडे बघत राहिले. मग त्यांनी ते पायाच्या अंगठ्याने जरासं ढकलून पाहिलं.

“शिवमचं किती भरलं?”

“पूर्ण.”

“त्याच्याहून रुचिका आठ महिन्यांनं मोठी हाये.”

गणेशने निळ्या डोंग्यातल्या शिवमच्या पोत्याकडे पाहिलं.

“मंग तिचं अर्धं काहून?” शालिग्राम म्हणाले. “तिचं बी पूर्ण भर. तूच म्हनला न आता, डोंगा काय दरसाल घेवाचा हाये.”

एवढं बोलून ते वळले आणि घमेलं घेऊन पुन्हा पाण्यात उतरले. लाकडी डोंग्यात अजून टाचभर पाणी होतं.

योगिनी जागच्या जागी उभी राहिली. बाबांनी तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. पण रुचिका याच डोंग्यातून शाळेत जाणार होती, मोठी होणार होती, शिवमच्या शेजारी बसून त्याच्याशी भांडत मोठी होणार होती, आणि ते ठरून गेलं होतं. कधी ठरलं कोण जाणे. कदाचित पहिल्याच ‘बघू’च्या आधी. मग एवढे महिने सांगितलं का नाही, या विचाराने तिला बाबांचा पुन्हा राग आला, आणि या वेळी तो राग करताना तिला बरं वाटलं.

तिने डब्याची पिशवी बाभळीच्या फांदीला अडकवली, पदर खोचला आणि गणेशच्या हातातून फावडं घेतलं.

गणेशने सुतळी सोडली. गुडघ्यावर बसून त्याने पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी ताणून धरलं. ती चिखल टाकत गेली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, ते आलं नाही. घाम मात्र आला. पोतं भरलं, वर शीग आली.

“ताई, पुरे,” गणेश खालून म्हणाला. “तोंड बांधाले जागा ठेव.”

तिने आणखी एक फावडं टाकलं. गणेश हसला. पोत्याचं तोंड कसंबसं आवळून त्याने सुतळीचे तीन वेढे दिले.

मग त्याने आधी योगिनीचं पोतं खांद्यावर घेतलं. निळा डोंगा चार पावलांवर होता, सहा पोती पोटात घेऊन डुलत उभा. वीतभर काठात आणखी दोन भरली पोती मावणार नव्हती, गणेश त्याच्यापाशी थांबला नाही. त्याला वळसा घालून तो पाण्यातून पुढे गेला, लाकडी डोंग्याच्या मधल्या फळीवर पोतं ठेवलं आणि दुसरं न्यायला परत आला. शालिग्राम वाकून पाणी उपसत होते. त्यांनी वर पाहिलं नाही, फक्त जरा सरकून त्याला वाट दिली.

दुसरं पोतं रंगरावांनी पाण्यात उभ्या उभ्या हातांवर झेललं आणि वजनाने ते अर्धं पाऊल मागे गेले.

“लय भरलं हे. कोनाचं हाये? कुठं ठिवू?”

गणेश सांगणार होता. पण योगिनी त्याच्यामागून गुडघाभर पाण्यात आली होती.

“रुचिकाचं,” ती म्हणाली. “माह्यापाशी ठेवा.”