टोक हलतंय

"हलवू नकोस."

"मी कुठे हलवतेय?"

"अगं, टोक बघ ना टोक. नुसतं लटलट चाललंय."

सिस्टरने टोकाकडे बघितलं नाही. मासे धरायचा नऊ फुटांचा रॉड आडवा धरून ती दुकानाच्या मधोमध उभी होती आणि भिंतीवरच्या प्लॅस्टिकच्या माशाकडे बघत होती. आपण इथे कसे येऊन पडलो, असा भाव माशाच्या चेहऱ्यावर होता. तिच्याही.

"बाद," तिचा नवरा म्हणाला.

दुकानदाराने रॉड परत घेतला आणि आपलंच मूल नापास झाल्यासारखा तो कपड्याने पुसला. "साहेब, परवडणाऱ्यात याच्यासारखा नाही. चार तुकडे, वजन म्हणाल तर नाहीच. काल एकजण दोन घेऊन गेला."

"त्याने टोक बघितलं नसेल."

नवरा नळांच्या कारखान्यात तपासनीस होता. नळ हातात आला की तो आधी नळाकडे संशयाने बघे, मग नळ बनवणाऱ्याकडे. हीच नजर तो घरीही घेऊन येई. घरातली एकही खुर्ची डगमगत नव्हती, एकही दार कुरकुरत नव्हतं, आणि कुरकुरण्याचं काम मग माणसांना करावं लागे.

गेल्या वर्षीपासून त्याला माशीने मासे धरायचा नाद लागला होता. या प्रकारात गळाला खरा किडा लावत नाहीत. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी लावतात आणि लवचीक रॉडने लांबलचक दोर हवेत झुलवून ती पाण्यावर अलगद ठेवतात. मासा फसतो. मग त्याला सोडून देतात.

"सोडायचाच, तर धरायचा कशाला?" सासूबाईंनी विचारलं होतं.

"आई, तो खेळ आहे."

"तुझा खेळ. माशाला विचारलंस का? लोक कचेरीत बसून माश्या मारतात, तू सुट्टी काढून मारतोस. एवढाच फरक."

आता एका जुन्या मित्राने बोलावलं होतं. मित्राची बदली डोंगरातल्या गावी झाली होती आणि त्याच्या घरामागे थंड पाण्याची नदी वाहत होती, असं त्याचं म्हणणं. जायचं विमानाने. म्हणून रॉड चार तुकड्यांचा हवा, तुकडे नळीत मावायला हवेत, नळी डोक्यावरच्या कप्प्यात मावायला हवी, आणि हे सगळं परवडायला हवं. परवडणारा म्हणजे केवढ्याचा, हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. बहुधा स्वतःलाही नाही.

यावर त्याने महिनोन्‌महिने वाचन केलं होतं आणि शेवटी एकच कसोटी पक्की केली होती. रॉडला झटका द्यायचा आणि टोक किती लवकर थांबतं ते बघायचं. चांगल्याचं लगेच थांबतं, भिकार रॉडचं थरथरत राहतं. फक्त धरणारा हात पक्का हवा.

"माझ्या हाताचं काही खरं नाही, मला हुरूप येतो," तो सकाळी म्हणाला होता. "तू चल. तुझा हात म्हणजे शिकंजा. दुपारच्या पाळीच्या आत सोडतो तुला."

तिने डोकं दुखतंय म्हणून बघितलं, कपडे वाळत घालायचे राहिलेत म्हणून बघितलं. दोन्ही कारणं त्याने तपासून नापास केली.

त्याचं चुकलं होतं असंही नाही. सिस्टरचा हात ही इस्पितळातली ठरलेली गोष्ट होती. ती लहान मुलांच्या वॉर्डात होती. एखाद्या बाळाच्या हातापायाची शीर कुणालाच सापडेना, की दुसऱ्या मजल्यांवरून तिला बोलावणं यायचं. ती यायची, बाळाशी काहीतरी वायफळ बडबडायची आणि बाळाला रडायचं सुचेपर्यंत सुई आत गेलेली असायची. शिकाऊ डॉक्टर तिला पाठीमागे 'शिरसम्राज्ञी' म्हणत. तिला ते माहीत होतं. ती रागावल्यासारखं करायची.

हिवाळ्यात एकदा कप बशीवर वाजला. तिला वाटलं, थंडी. मग थंडी गेली आणि वाजणं राहिलं. तिने घरातल्या बश्या वरच्या फळीवर टाकल्या आणि चहाला बिनबशीचे मोठे मग काढले. वॉर्डात करंगळी बाळाच्या हातावर टेकवून ती सुई धरू लागली. गेल्या आठवड्यात एका मुलीला तिने दोनदा टोचलं. मुलीची आई काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

"हा बघा," दुकानदाराने दुसरा रॉड जोडून दिला. "मधल्या दर्जाचा. ताई, धरा."

ताईंनी धरला. नवऱ्याने टोकाला टिचकी मारली आणि वाकून बघत राहिला. ती श्वास रोखून उभी. कोपर बरगडीला चिकटवलं, मूठ आवळली. आवळल्यावर ते वाढतं, हे तिला आता माहीत झालं होतं, तरी आवळली.

"हाही तसाच!"

"वारा असेल, साहेब."

"दुकानात?"

"पंखा आहे ना."

पंखा बंद केला. दुकानात एकदम शांतता झाली. टोक मात्र आपल्या कामात होतं.

"बाद."

तपासनिसाचा एक नियम होता. कारखान्यात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला तो हा नियम ऐकवायचा, आणि जेवताना घरच्यांनाही: सलग तीन नग नापास झाले, की नग बाजूला ठेवायचे आणि मापक तपासायचं. तिन्ही नग वाईट निघतात असं क्वचित होतं. बहुतेक वेळा हातातलं मापकच बिघडलेलं असतं. हा नियम सिस्टरला पाठ होता. दोन झाले होते.

"निघू या का?" ती म्हणाली. "मला उशीर होईल."

"अगं, अजून तासभर आहे. काका, तो वरचा दाखवा."

वरचा म्हणजे काचेच्या कपाटातला. दुकानदाराने कुलूप उघडलं. हा परवडणारा नव्हता हे कुलपावरूनच कळत होतं. नवरा म्हणाला, घ्यायचा नाही, पण चांगला म्हणजे कसा ते तरी कळेल.

"याचं वैशिष्ट्य सांगू का, ताई?" दुकानदार तुकड्यात तुकडा बसवत म्हणाला. "हा हाताचं सगळं ऐकतो. हाताच्या मनात जे येईल ते टोकाला आधी कळतं. लपवाछपवी नाही."

"मग दुसरा दाखवा," सिस्टर म्हणाली.

"घे गं, बघू तर."

तिने घेतला. या वेळी टिचकी मारायचीही गरज पडली नाही. नवरा बोट पुढे नेऊन थांबला. टोक बोटाच्या अलीकडे पलीकडे नाचत होतं.

दुकानदाराने टोकाकडे बघितलं. मग तिच्या मुठीकडे. मग घाईघाईने गल्ल्याकडे. तो बरीच वर्षं लोकांच्या हातात काठ्या देत होता.

"साहेब," तो म्हणाला, "तुम्हाला सांगायचं राहिलं. वरच्या मजल्यावर व्यायामशाळा आहे. लोक वजनं आपटतात. आमची सगळी इमारत हलते."

"आवाज नाही येत."

"आवाज नाही येत. हलते फक्त."

असं सपशेल खोटं इतक्या सरळ चेहऱ्याने बोलल्याबद्दल सिस्टरला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. पण तपासनिसाला कारण दिलं, की तो ते पडताळून बघणार.

"मग बाहेर बघू. फुटपाथ तर हलत नाही ना? काका, तो पहिला पण द्या."

बाहेर ऊन होतं. येणारे जाणारे बाजूने वाट काढत होते. "काय, इथे मासे लागतात का?" असं एकाने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तो हसत पुढे गेला. सिस्टरने पहिला, परवडणारा रॉड धरला. वारा नव्हता, पंखा नव्हता, वर व्यायामशाळा नव्हती.

नवऱ्याने एक डोळा मिटून टोकाकडे बघितलं. हीच नजर तो नळाच्या आट्यांवरून फिरवायचा. ती टोकापासून निघाली, पहिल्या जोडावर आली, दुसऱ्या जोडावर आली. तिला ती येताना दिसत होती. रॉड टाकून द्यावा, शिंक यावी, कुणीतरी ओळखीचं भेटावं, असं काहीतरी तिने मनात मागितलं. नजर तिसरा जोड ओलांडून मुठीपर्यंत आली आणि तिथे थांबली. मिटलेला डोळा उघडला.

आता तो रॉड स्वतःच्या हातात घेणार, तिला माहीत होतं. नियमाप्रमाणे पुढची पायरी तीच होती. मापक बदलायचं आणि तोच नग पुन्हा बघायचा.

त्याने रॉड घेतला. पण टोक जमिनीकडे करून. दुकानात परत जाता जाताच त्याने तुकडे सोडवले, एकेक करून नळीत सरकवले आणि झाकण फिरवून बंद केलं.

"हा द्या," तो दुकानदाराला म्हणाला.

"हा? याचं टोक..."

"चालेल."

"साहेब, वाटलं तर एकदा स्वतः धरून..."

"चालेल म्हटलं ना."

सगळ्या आयुष्यात त्याने पहिल्यांदाच एक नापास नग पास केला होता. दुकानदाराने जास्तीच्या दोन खोट्या माश्या पिशवीत टाकल्या आणि त्यांचे पैसे लावले नाहीत.

गाडीत तो बोलत राहिला. सिग्नल किती वेळ लाल असतो, समोरच्याने वळताना दिवा दिला नाही, विमानातले कप्पे हल्ली लहान केलेत. इस्पितळाचं फाटक दिसायला लागलं तसे विषय संपले.

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

"मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही नापास केलं असतं."

एवढ्यात मागच्याने भोंगा वाजवला. एरवी त्याने काच खाली करून मागच्याचा उद्धार केला असता.

"आज नको जाऊस," तो म्हणाला. "कळवून टाक, बरं नाही म्हणून."

"आणि उद्या?"

"उद्या डॉक्टरकडे जाऊ."

"जाऊ. पण आज पाळी आहे. तिथे दोघीच आहोत." ती उतरली. मग खिडकीशी वाकली. "आणि तिकीट रद्द करायचं नाही. मला माहिताय तुमच्या डोक्यात काय चाललंय."

"तुला टोकावरून कळतं वाटतं," तो म्हणाला. दोघं हसले नाहीत, पण हसण्याची जागा तिथे होती एवढं दोघांना कळलं.

वॉर्डात तिने अजून कपाट बंद केलं नव्हतं, तोच खालच्या मजल्यावरून बोलावणं आलं. जुलाबांनी सुकून गेलेलं काही महिन्यांचं बाळ. दोघांनी प्रयत्न केले होते. सलाईन लावायचं तर शीर नव्हती.

ती पोचली तेव्हा सगळे बाजूला झाले. हे असं बाजूला होणं तिला वर्षानुवर्षं ओळखीचं होतं. टेबलाशी वाट मोकळी होते, कुणीतरी दिवा जवळ ओढतं, आणि आई रडायची थांबून तुमच्या हातांकडे बघायला लागते. आईने बघितलं.

सिस्टर वाकली. "काय रे ढमाल्या, कुठे लपवलीस?" बाळाच्या पावलावर तिने पहिलं बोट ठेवलं आणि हळूहळू घोट्याकडे नेलं. बोटाला अजून सगळं कळत होतं. घोट्याच्या आतल्या अंगाला, कातडीखाली, शिजलेल्या शेवयीएवढं काहीतरी दबलं आणि परत वर आलं.

ट्रेमधून तिने सुई उचलली. सुईचं टोक फार लहान असतं. लांबून कुणाला काही दिसलं नसतं. आईलाही नाही. करंगळी टेकवली असती तर कदाचित जमलंही असतं.

तिने सुई शेजारच्या नर्सपुढे धरली.

"तू टोच."

"मी? अहो, मी आत्ताच दोनदा..."

"मी शीर धरते. माझ्या नखासमोर, तिरकी. घाई नाही."

शिकाऊ डॉक्टरने एकदा तिच्याकडे बघितलं आणि मग दिव्याकडे, दिवा नीट असूनही. सिस्टरने बाळाचा पाय दोन्ही हातांत घेतला, अंगठ्याने कातडी ताणली आणि नख त्या जागेवर ठेवलं. सुई आत गेली. क्षणभर काहीच नाही. मग नळीत लाल रेघ चढली.

बाळाने उशिरा, पण मनापासून भोकाड पसरलं. सगळं अंग थरथरायला लागलं. चिकटपट्टी लावून होईपर्यंत पाय सोडायचा नव्हता. सिस्टरने सोडला नाही. तिच्या ओंजळीत थरथर होती, आणि ती बाळाची की तिची, हे तिथे कुणी विचारत नव्हतं.