ओढू नका

भालचंद्रांनी खुर्ची उचलून थेट खिडकीपाशी नेली आणि समुपदेशक स्वप्नाकडे पाठ करून बसले. फुलपाड्यातल्या या खोलीत ही त्यांची पाचवी भेट. आधीच्या चार भेटींत स्वप्नाने होते नव्हते ते सगळे प्रश्न विचारून पाहिले होते आणि त्यांनी प्रत्येकाला "बरं" म्हणून वाटेला लावलं होतं.

बाहेर सून सलोनी बसली होती. सासूबाई गेल्यापासून सासऱ्यांनी पानवेलींच्या वाडीत पाऊल टाकलं नव्हतं. वेली आधाराच्या काठ्या सोडून वर गेल्या होत्या. महिन्याभरात उतरवल्या नाहीत, तर पिढ्यांची वाडी गेलीच म्हणायची.

"काका, सुभद्राकाकूंची आठवण आली की..."

"ओढू नका, मॅडम."

"मी ओढते?"

"चार गुरुवार ओढताय."

स्वप्नाला झोंबलं. मग हसूच आलं, कारण म्हातारा खरं बोलत होता. तिने वही मिटली.

"मग काय करू, तुम्हीच सांगा. मला खरंच कळत नाहीये."

एवढं ऐकल्यावर खुर्ची वळली. चूक दाखवायची संधी भालचंद्र सोडतील कशाला?

"पानवेल उतरवलीय कधी? एकजण शिडीवर चढून गाठी सोडतो. दुसरा खाली. खालच्यानं ओढलं की तुटलीच. नुसते हात पुढे धरायचे, नखही लागू द्यायचं नाही. आपल्या वजनानं येते ती."

खाली कोण असायचं, हा प्रश्न स्वप्नाच्या अगदी ओठांवर आला होता. तिने तो गिळला. वरच्या मजल्यावर कुणाचा तरी मिक्सर फिरून थांबला.

"खाली ही असायची," भालचंद्र आपणहून म्हणाले. "पस्तीस वर्षं. एक वेल तुटली नाही तिच्या हातून."

ते रडले. बाहीने डोळे पुसून पुन्हा बोलू लागले ते थांबेचनात. वेल कधीच उतरली, आता तुम्ही उतरा, म्हणून सुभद्रा खालून कशी ओरडायची, याची त्यांनी नक्कलसुद्धा करून दाखवली. स्वप्ना पोटभर हसली. पुढच्या तासाभरात तिने एकही प्रश्न विचारला नाही.

निघताना ते म्हणाले, "पुढच्या गुरुवारी जमणार नाही."

आत्ता कुठे माणूस बोलता झाला होता! स्वप्नाचा चेहरा पडला, पण तिने ओढलं नाही.

त्यांनी दार उघडलं.

"सलोनी, हात दाखव बघू."

गोंधळलेल्या सुनेने दोन्ही हात पुढे केले. भालचंद्रांनी ते उलटसुलट करून पाहिले.

"नखं कापावी लागतील," ते म्हणाले.