नखाला न लागलेला सांधा

दादाच्या पत्राला मी उत्तर दिलंच नव्हतं. थोरल्या भावाने लिहिलं होतं, "कान गेले. आता मशीन सोडायची. माझ्या जागी पोरीला उभी करू का? मालक वर्षअखेरीपर्यंत थांबतो म्हणालाय, मग दुसरा माणूस आणेल. तुझी वहिनी म्हणते, भाऊजी सांगतील तसं."

मी कितीदा तरी लिहायला बसलो. 'हो' लिहिलं की वाटे, पोरीचा हात मशीनमध्ये गेला तर? 'नको' लिहिलं की वाटे, मला काय कळतं यातलं? जन्म ग्रंथालयात गेला; खिळा ठोकताना अजून माझंच बोट मध्ये येतं. शेवटी ते पत्र एका पुस्तकात खूण म्हणून राहिलं.

वर्ष सरत आलं तसं राहवेना. उठलो आणि दादाच्या कारखान्यात गेलो.

"उत्तर पायी चालत आलं वाटतं," दादा म्हणाला. हल्ली तो ओठ बघून बोलणं ओळखतो. पुतणी त्याच्या हाताखाली शिकत मशीनपाशी होती. तिने मला चष्मा दिला आणि पिवळ्या रेघेमागे उभं केलं.

मशीनवर इंजिनाचा ठोकळा आवळलेला होता. अंग ॲल्युमिनियमचं, आणि त्यातल्या गोल भोकांत बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, नळ्या बसवलेल्या. दोन्ही धातू एकाच फेरीत, एका पातळीत कापायचे होते.

"काका, हे लोण्यात दगड रोवल्यासारखं आहे," पुतणी म्हणाली. मऊ धातू कटरच्या दातांना चिकटतो, कडक धातू दातच खातो, शिवाय कटरला वर ढकलतो. म्हणून सांध्याशी पायरी राहते आणि ठोकळा नापास होऊन परत येतो, असं तिने समजावलं. मग ताटाएवढ्या कटरच्या कडेचा एक रुंद दात दाखवला. तो तिने इतरांपेक्षा केसभराहूनही कमी पुढे काढला होता. "बाकीचे कापून मोकळे होतात. हा एकटा मागचं आवरत फिरतो. आईसारखा."

दादा हसला, म्हणजे ओठ बरोबर वाचले होते.

कटर फिरू लागला. मऊ धातूवर त्याचा आवाज रेशीम फाडल्यासारखा येत होता. बिडावर गेला की खर्जात उतरे, आणि पुन्हा रेशीम. दादाला यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्याने मशीनच्या अंगावर तळवा टेकला होता, तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकावा तसा. आवाज बदलला की त्याची बोटं किंचित हलत. चकचकीत कुरळा कीस उडे, मग काळी पूड, मग पुन्हा कीस.

मशीन थांबली. पुतणीने ठोकळा पुसला आणि बापाकडे पाहिलं. दादाने स्वतः हात लावला नाही. मला म्हणाला, "नख फिरव."

मी अंगठ्याचं नख चांदीसारख्या भागावरून करड्या भागावर नेलं. डोळ्यांना सांधा स्पष्ट दिसत होता. नखाला तो सापडेना. उलटं फिरवलं. पुन्हा फिरवलं. आयुष्यभर इतकी पानं चाळली, पण दोन परक्या वस्तू अशा एकमेकींना भेटलेल्या मी कुठे पाहिल्या नव्हत्या.

"काय मग?" दादाने विचारलं.

मी मान डोलावली.

"मान नको. तोंडीही नको. घरी पोचेपर्यंत तुझं मत फिरतं. तुझ्या वहिनीला कागद दाखवायचाय. लिहून पाठव."

एवढं म्हणून त्याने मशीनवरचा तळवा उचलला आणि तो कुठे ठेवावा हे न सुचून खिशात घातला.

घरी येऊन लिहिलं, "दादा, उभी कर. मी नख फिरवून पाहिलं आहे." आणखी सुचलेलं सगळं खोडून टाकलं.

सकाळी टपालपेटीशी पाकीट अर्धं आत सरकवलं आणि नेहमीसारखा थबकलो. अंगठ्याच्या नखाखाली धातूची चांदीसारखी बारीक रेघ अजून होती. तिच्याकडे बघत बोटं सैल केली. पाकीट आत पडल्याचा आवाज आला.