पडायची जागा

गोपाळच्या पैलवानाची लाथ बसली आणि जयूचा पैलवान पडद्यावर हवेत उडाला. अशा वेळी सगळेच घाबरून लीव्हर मागे खेचतात आणि जाऊन पडतात कोपऱ्यात; मग गोपाळ त्यांना तिथंच बडवून काढतो. जयूनं लीव्हर पुढे दाबला, मारणाऱ्याच्याच दिशेनं. तिचा पैलवान हवेतल्या हवेत वळला आणि गोपाळच्या पुढ्यातच उतरला. उतरता उतरता त्यानं एक ठोसाही हाणला.

टावर चौकातल्या शोभाकाकूंच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये रविवारची गर्दी होती. जयूला ती हवीच होती. सकाळच्या शाळेत शिकवून आल्यावर, दुपारी मशीन रिकामं असताना, दोन महिने ती एवढं एकच घोटत आली होती, मार खाल्ल्यावर कुठं पडायचं.

चैत्रात गोपाळ तिला बघायला आला होता. छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले, मगच आला होता. आणि आठ दिवसांनी बाबांनी सांगितलं, "पत्रिका जुळत नाही म्हणतायत." तीन वर्षांतलं हे तिसरं स्थळ, आणि तिन्ही वेळा हेच वाक्य! खोटंच बोलायचं तर निदान ढंगाचं तरी बोलावं. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

"मी जिंकले तर खरं कारण सांगायचं. सगळ्यांसमोर," खेळ सुरू होण्याआधी ती म्हणाली होती.

"मंजूर," गोपाळ म्हणाला होता, आणि तेव्हापासून दात-ओठ खाऊन खेळत होता. राग त्याला कसला आला होता, देव जाणे.

शेवटचा ठोसा बसला. गोपाळचा पैलवान आडवा झाला आणि पोरांनी गलका केला.

"बोला आता. नकार का दिलात?"

"मी?" गोपाळ तिच्याकडे बघतच राहिला. "कमाल करता तुम्ही! आमचा तर होकार होता. पत्रिका तुमच्याकडूनच वापस आली. सोबत चिठ्ठी, मुलीला लग्न करायचं नाही म्हणून."

"कोणाची चिठ्ठी?"

"तुमच्या बाबांची. हिरव्या शाईत."

रिटायर झाल्यावरही बाबांनी हेडमास्तरांची हिरवी शाई सोडली नव्हती. आई गेल्यापासून तीन वर्षं त्याच शाईत वाणसामानाची यादी लिहून ते जयूच्या हातात देत होते.

"बेटा, पाणी घे," शोभाकाकू म्हणाल्या.

जयू पाणी न घेताच निघाली.

बाबा टेबलाशी पेपर वाचत बसले होते.

"आलीस? चहा टाक जरा. केव्हाचा थांबलोय."

ती स्वयंपाकघरात गेली नाही. खुर्ची ओढून त्यांच्या अगदी समोर बसली. कोरा कागद पुढे सरकवला, हिरव्या शाईचं पेन उघडून त्यांच्या हातात दिलं.

"लिहा, बाबा. तीन चिठ्ठ्या, तिन्ही घरांना. मजकूर मी सांगते."