निळी ताडपत्री

आषाढातल्या वाऱ्यात आंब्याची फांदी आमच्या मागच्या शेडवर कोसळली आणि अर्धे पत्रे फुटले. पेणची ही शेड वैशालीताईंना भाड्याने दिलेली. तिथं त्या गणपती रंगवतात. पत्रेवाला पाऊस उघडल्याशिवाय वर चढायला तयार नव्हता. म्हणून मी जाड निळी ताडपत्री बांधून घेतली आणि निश्चिंत झाले.

तरी वैशालीताई दारात आल्या. "वहिनी, पत्रे बसंपर्यंत अर्धंच भाडं घ्या."

"का? अजून गळतं?"

"गळत नाय, पन तिथं रंगकाम होत नाय. जवळच जोहे गावात जागा बघितली हाय. दोन्हीकडचं नाय परवडायचं. तुम्ही नाय म्हनलात तर सगळंच उचलून जाते."

शेडचं सगळं मीच बघते. पुष्कर रोह्याच्या शाळेत शिकवतो, शनिवारी घरी येतो. फोनवर म्हणाला, "गळत नाही तर सूट कसली? कुणी गोड बोललं की तू विरघळतेस."

"म्हणून तर तुझ्याशी लग्न केलं," म्हटलं आणि फोन ठेवला.

पण मलाही त्याचं पटत होतं. लेकीला, किमयाला, कडेवर घेऊन शेडमध्ये गेले. मागचा भाग कोरडा ठणठणीत. पूर्ण भाडं द्यावं लागेल, असं सांगणार, तेवढ्यात किमयाच्या तोंडाकडे लक्ष गेलं. ओठ काळेनिळे, गाल पांढरेफटक.

"अगं बाई, हिला काय झालं!" मी धावतच अंगणात आले. तर पोर गुलाबी, हसरी, माझं मंगळसूत्र चघळतेय.

वैशालीताई ब्रश घेऊनच मागे धावल्या. किमयाकडे बघितलं, ताडपत्रीकडे बघितलं आणि हसत सुटल्या. "माझे बाप्पा पन आत ह्या निळ्या उजेडात असेच आजारी दिसतात! मी आपली गुलाबी रंग वाढवत जाते. बाहेर आनले की लालेलाल, जसे भांडून आलेत!"

मलाही हसू आवरेना. ताडपत्री मीच निवडली होती, चांगली जाड बघून.

"अर्धंच भाडं द्या, पत्रे बसेपर्यंत," मी म्हटलं. "आणि जोह्याला कशाला जाता? आमच्या पडवीत उजेड आहे."

शनिवारी पुष्कर पडवीच्या पायरीशीच थबकला. "भाडं अर्धं आणि पडवी फुकट?"

"हो. चपला खाली काढ, बाप्पा आहेत."

दुपारी किमया तिथंच गोधडीवर झोपते. काल एका बाप्पाच्या रंगानं ओल्या पाटावर तिची पाच बोटं उमटली. वैशालीताईंनी ती पुसली नाहीत.

"ह्यो बाप्पा तुमचा," म्हणाल्या.